कुंभारणीचं घर

दोरी ओढली की गवत कापायचं मशीन जरा वेळ धडधडायचं आणि गुदमरून बंद पडायचं. पेट्रोल बदललं, प्लग पुसला. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, तर धूर बाहेर येतच नव्हता. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

अंगणात गुडघ्याच्या वर गवत. सकाळी त्यात फुरसं शिरताना पाहिलं होतं, आणि नुकता चालायला लागलेला लेक बाहेर येण्यासाठी आतून दार बडवत होता. त्याला किती वेळ कोंडून ठेवणार?

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"फोडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पोटुशी बाईनं कुंभारणीचं घर मोडू नये."

"आई, असलं काही नसतं हो."

म्हणाले खरी, पण लेकाच्या आधीचं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. प्राणिशास्त्र शिकलेली मी, हात मातीपर्यंत नेला की मागे घेत होते. आत लेक रडायला लागला. मलाही रडू फुटलं.

सासूबाई पायरी उतरून आल्या आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"तू तिकडे तोंड कर. पाप लागायचं तर मला लागू दे. माझी बाळंतपणं झालीत सगळी."