परातभर जांभळं

"या जांभळाच्या झाडाचा त्रास आता पुरे झाला," असं म्हणत सोसायटीचे सेक्रेटरी धुरी यांनी आपल्या पांढऱ्या गाडीवरचे डाग सगळ्यांना दाखवले. झाड तोडायचा ठराव मांडायला त्यांनी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली होती.

मी वाद घातला नाही. वाद घालून हा माणूस ऐकतो थोडाच? मीटिंग सुरू होण्याआधीच, त्याच झाडाची मीठ लावलेली परातभर जांभळं मी खुर्च्यांमधून फिरवली होती. "काय गोड आहेत हो, सरमळकर वहिनी!" म्हणत प्रत्येकाने मूठभर घेतली, धुरींनी तर दोनदा.

"झाड तोडायला कुणाकुणाची संमती आहे? हात वर करा," धुरी म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "थांबा. आधी प्रत्येकाने जीभ दाखवा. ज्याची जांभळी नसेल, त्यानेच हात वर करायचा."

"हा काय पोरकटपणा!" धुरी ओरडले, आणि त्यांची गडद जांभळी जीभ सगळ्यांना दिसली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

चिडून त्यांनी पुन्हा मतं मागितली. एकही हात वर गेला नाही. सगळ्यांचे हात तोंडावर होते.