दह्याची वाटी

फुगा नीट फुगला, तर शकीलच्या पदरात बरंच पडणार होतं. रात्रभर सलग झोप. एसटीत खिडकीची जागा, तीही वाटेतले पेट्रोलपंप न हेरता. दुकानात गादी शिवताना अर्धा टाका सोडून पळणं बंद. आणि मुख्य म्हणजे पोटावर बाहेरून मळाची पिशवी लागणार नव्हती. ती त्याने एकदा लावून पाहिली होती. शर्टाखालून आवाज आला की गिऱ्हाईक घासाघीस विसरायचं.

जुन्या दुखण्यात मोठं आतडं काढावं लागलं, तेव्हा लहान आतड्याच्या टोकाचीच पिशवी शिवून आत बसवली होती. तिचं तोंड आता आवळत चाललं होतं. खालून दुर्बीण घालून ते फुग्याने रुंद करायचं. नाही उघडलं, तर पुन्हा पोट फाडणं आणि पुन्हा ती बाहेरची पिशवी.

नंदुरबारच्या दवाखान्यात तो टेबलावर आडवा झाला. सुरतेहून आलेल्या डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"कुछ नहीं," अख्तरबानोने नवऱ्याच्या वतीने सांगून टाकलं.

शकील छताकडे बघत म्हणाला, "थोडं दही."

"थोडं म्हणजे?"

"वाटीभर. साखर घातलेलं."

सकाळी शहाद्याच्या गल्लीत शेजारची जसोदामाय वाटी घेऊन आडवी आली होती. गल्लीतलं माणूस परीक्षेला निघो की कोर्टात, तिच्या दह्याशिवाय गाव सोडत नसे. शकीलने एक चमचा तोंडात घेऊन भरलेली वाटी परत केली, तर म्हातारी म्हणाली, "भरेल वाटी घर लई जासू का मी? खाई ले मुकाट." अख्तरबानो तेव्हा आत दिवे बंद करत होती.

"मग भूल देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उलटी श्वासात गेली तर काय करू मी? पुढच्या महिन्यात या."

शकीलच्या आत आता पेजसुद्धा अडून बसत होती. महिना फार लांब होता. "तसंच करा, साहेब."

"दुखेल."

"दुखतंच आहे."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि अख्तरबानोला उशाशी उभं केलं. "हात धरा. हलू देऊ नका."

"खानेकू मुंह खुलता," ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "'ना' बोलनेकू नहीं खुलता."

फुगा फुगला. शकीलने डोळे आवळले, दात आवळले आणि हातात जे होतं ते आवळलं. ओरडलं कुणीच नाही.

"उघडलं," डॉक्टर म्हणाले. "काही महिने निभेल. परत आवळलं तर परत या. उपाशी पोटी."

संध्याकाळी जसोदामाय दह्याचा गुण आला का ते विचारायला ओट्यावर येऊन बसलेलीच होती. "पावनं ना मन्हं दही?"

शकीलने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाहिलं नाही.

"पावनं, माय."

म्हातारीचा चेहरा खुलला. डॉक्टरांचं नाव तिने विचारलंही नाही.

आतून अख्तरबानो चहा घेऊन आली. उजव्या हाताची सुजलेली बोटं तिने ओढणीत गुंडाळली होती. डाव्या हाताने कप पुढे करत ती म्हणाली, "तुन्ही वाटी धुईसन ठेयेल शे, माय. आते रिकामीच लई जा."