तुमचं तुम्ही ठरवा

हणमंतराव वस्तीवर आले आणि सगळ्यांना "तुम्ही" म्हणाले, तेव्हाच पारूबाई सावध झाली.

तीस वर्षं ती या माणसाच्या शेतात राबत होती. "पारे, इकडं ये" याच्यापलीकडं त्यांच्या तोंडून तिनं कधी काही ऐकलं नव्हतं. सत्तरीच्या ज्ञानोबाला "ए ज्ञान्या", धुरपताबाईला "ए धुरपे". म्हातारं असो की कालचं पोर, सरसकट अरे-तुरे. आणि आज हे भर उन्हात स्वतः चालत आले, निळ्या झेंड्याखालच्या ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बसा की. तुम्ही उभे कामून?" काय तो गोडवा! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कुणी बसलं नाही.

हणमंतरावांनी खिशातून एक कागद काढून मांडीवर उलगडला. पारूबाईनं तो लांबूनच ओळखला. लातूर नवा जिल्हा झालाय, आपलं गाव त्यात गेलंय, मोठा साहेब आता जवळ आलाय, तर वस्तीला एक हापसा मागू, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांनी मिळून केलेला तो अर्ज होता. वस्तीचा आड आटून तीन महिने झाले होते. पाणी उरलं होतं ते फक्त हणमंतरावांच्या मळ्यातल्या विहिरीला. सकाळी त्यांचा गडी इंजिन सुरू करायचा, तेव्हा पाटात येईल तेवढं वस्तीनं भरून आणायचं. अर्जात तेच लिहिलं होतं, की दुसऱ्याच्या मेहेरबानीवर आम्ही किती दिवस प्यायचं? तो कागद साहेबापर्यंत पोचलाच नव्हता. वाटेत कुणी वळवला, कुणास ठाऊक.

"अक्षर झ्याक हाय," हणमंतराव म्हणाले. "पण अंगठे असे गोल कामून?"

ते डोकं निवृत्तीचं. कंधारच्या बाजारात हमाली करणारा निवृत्ती वस्तीत एकटाच दहावीपर्यंत शिकलेला. अर्ज त्यानंच लिहिला होता. मग कागदावर जेवणाची ताटली पालथी घालून त्यानं कडेनं पेन्सिल फिरवली आणि सांगितलं, या रेघेवर अंगठे उठवा. गोलात पहिला कुणी नसतो न् शेवटचाही कुणी नसतो. उद्या कुणी विचारलंच, तर सगळेच!

हणमंतरावांनी कागद हळूहळू फिरवला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला.

"सुरवात कुणी केली, एवढंच सांगा. बाकीच्यांवर माझा राग न्हाई. तुम्ही माझीच माणसं."

"समद्यांनी मिळून केलाय, मालक," ज्ञानोबा बोलला.

"समद्यांनी?"

"हाव."

हणमंतरावांनी कागद उजेडात धरला. त्यांचं बोट रेघेवरून सरकत सरकत एका जागी थांबलं. पारूबाईनं डावा हात पदराखाली ओढला आणि तिथंच तिचं चुकलं. यांच्याच खळ्यावर कडबा तोडताना विळ्यानं तिचा अर्धा अंगठा गेला होता. रक्त थांबवायला चिंधी बांधली होती ती यांनीच. कागदावर बाकी सगळे अंगठे एकसारखे, आणि हा एकच अर्धा.

"पारूबाई," ते म्हणाले. पारे नाही, पारूबाई! "तुम्ही व्हय?"

खरं तर तिचा अंगठा सगळ्यांत शेवटचा होता. त्या दिवशी खडी फोडायच्या कामावरून ती उशिरा आली. तोवर रेघेवर जागाच उरली नव्हती. निवृत्तीनंच तिचा हात धरून दोघांच्या मधे कसाबसा तो टेकवला होता. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं निवृत्तीकडं बघितलं. तो खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता.

त्याचं नाव तिच्या अगदी ओठावर आलं. पण त्याची बायको पोटुशी, दिवस भरत आलेले. पारूबाईनं नाव गिळलं.

"अंगठा माझा हाय, मालक," ती म्हणाली. "बाकीचे बी हायेतच की."

हणमंतरावांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मी कुणाचं पाणी तोडणारा माणूस न्हाई. उद्या सकाळी इंजिन चालू व्हईल. पारूबाई पाटावर दिसली, तर बंद व्हईल. मग समद्यांचंच बंद." ते उठले, धोतर झटकलं. "माझी जबरदस्ती न्हाई. तुमचं तुम्ही ठरवा."

ते गेले. पार वळणाआड जाईपर्यंत कुणी हललं नाही. पारूबाई जागेवरच उभी होती. तिला भीती वाटत होती ती हणमंतरावांची नव्हे, वस्तीच्या गप्प बसण्याची. आता कुणीतरी बोलेल, खड्ड्यात गेलं त्याचं पाणी म्हणेल, आपण मुखेडच्या रस्त्याला ओढ्यात झरा उकरू म्हणेल, याची ती वाट बघत होती. आपण! तेवढा एक शब्द ऐकायला तिचा सगळा जीव कानात येऊन बसला होता.

ज्ञानोबा खोकला. निवृत्ती घरात गेला.

धुरपताबाई तिच्याजवळ आली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीत आलेल्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या. तिनं पारूबाईच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेनं ठेवला.

"पारू, तू कायबी घोर करू नको," ती म्हणाली. "तुझ्या दोन घागरी आम्ही आणून देऊ की."