विब्रेनला दिसलेला डाग

या, असे जवळ सरका. स्तोत्रं गाऊन झाली, कॉफी उकळायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. आपल्याच गावची, गेल्या मंगळवारची.

“डाग आहे,” विब्रेन म्हणाला. “नापास.”

बाउक्येने लॅपटॉप त्याच्याकडे आणखी वळवला. पडद्यावर गुरू ग्रह थरथरत होता, त्याच्या पोटावर दोन तपकिरी पट्टे. डिसेंबरचा अंधार पाचलाच पडलेला, बागेतल्या शेडचं छप्पर सरकवलेलं, आणि कालव्यावरचा गार वारा थेट आत.

“कुठे आहे?” तिने विचारलं.

“मधोमध. काळाकुट्ट.” विब्रेनने सवयीने डावा डोळा मिटला होता. चाळीस वर्षं दुर्बिणीला उजवा डोळा लावून बसलेला माणूस तो. पडदा असो की वर्तमानपत्र, डावा आपोआप मिटायचा. “तुझा पूल मोठ्या होड्यांसाठी वर जातो ना, तशी तुझी नजरही वर गेलीय.”

बाउक्ये कालव्यावरचा पूल उघडते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शरद ऋतूत तिने आयुष्यातला पहिला ग्रहांचा कॅमेरा घेतला आणि आकाश पाहणाऱ्यांच्या क्लबात जाहीर केलं की यंदा चर्चच्या दालनातल्या प्रदर्शनात माझा गुरू लागणार. लोक हसले. पहिलं चित्र धूसर निघालं. दुसऱ्यात कडेला एक करडं वेटोळं आलं. सेन्सरवरची धूळ होती, सगळ्या क्लबाने पाहिली. कॅमेरा परत कर आणि विणायला लोकर आण, असा सल्लाही कुणीतरी दिला. बाउक्येने रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवली आणि पुन्हा दुर्बीण लावली. प्रदर्शन शनिवारी. चित्रं पारखणारा विब्रेन एकटा, आणि त्याचा नियम एकच: डाग असलेलं चित्र भिंतीवर जाणार नाही.

आता ती पडद्याकडे पाहत होती. मग विब्रेनकडे पाहिलं, बराच वेळ.

“ठीक आहे, काका. कॅमेऱ्यातली धूळ आहे म्हणता?”

“दुसरं काय असणार?”

तिने बटण दाबून दुर्बीण किंचित हलवली. गुरू पडद्याच्या कडेला गेला.

“डाग कुठे गेला?”

विब्रेन पुढे वाकला. “ग्रहावरच आहे.”

“कॅमेऱ्यातली धूळ जागच्या जागी राहते. ग्रहाच्या मागे धावत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“मग एखाद्या चंद्राची सावली.”

“आत्ता कुठल्याच चंद्राची सावली नाही. तक्ता पाहूनच बसलेय.”

विब्रेनला राग आला. “मग तुझ्या दुर्बिणीतच खोट आहे. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं.”

“तुमची स्वच्छ आहे ना?”

“माझी दुर्बीण तुझ्या ताटांपेक्षा स्वच्छ आहे.”

“आणू या मग.”

“आत्ता? अगं, घरी जेवण निवतंय माझं. शनिवारला वेळ आहे.”

“शनिवारपर्यंत थांबता येणार नाही.” बाउक्येने शेडच्या दारात उभं राहून हातमोजे चढवले. “काका, हा डाग कुठे आहे ते कळल्याशिवाय मी आज तुम्हाला सोडणार नाही.”

“एका चित्रासाठी एवढा हट्ट?”

ती हातगाडी घेऊन गेली आणि दोन घरं पलीकडून विब्रेनची लाडकी दुर्बीण उचलून आणली. तो मागून सूचना देत होता, वाकडी धरू नकोस, आपटू नकोस. तिने तिलाच कॅमेरा जोडला. गुरू पुन्हा पडद्यावर आला, आधीपेक्षाही रेखीव.

विब्रेन पडद्याला नाक लावून बसला.

“बोला ना.”

“आहे,” तो म्हणाला. “पण याचा अर्थ लॅपटॉप खराब आहे.”

“अजून हार मानत नाही तुम्ही.”

“चाळीस वर्षं मानली नाही, पूलवाल्या बाईपुढे मानू?”

“मीही मानत नाही. आत चला.”

स्वयंपाकघरात तिने वाटाण्याचं घट्ट सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि गुरूचं चित्र कागदावर छापलं. यंत्राने खरखर करत कागद बाहेर टाकला. तिने तो दिव्याखाली त्याच्या हातात दिला.

विब्रेनने चमचा खाली ठेवून डावा डोळा मिटला. मग त्याचा चेहरा खुलला.

“हा बघ. छापूनसुद्धा आला. आता तरी पटलं? माझी पारख चुकत नाही. लोकर आण, बाउक्ये.”

बाउक्ये हसली नाही. तिने त्याच्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि पाठची कोरी बाजू त्याच्यापुढे धरली.

“आणि इथे?”

त्याने पाहिलं. कागद जवळ ओढला, लांब धरला. सुपावर साय धरायला लागली होती.

“इथेही आहे,” तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

“माहितीय मला. कोट घाला, काका. गाडी काढते.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्याशी वाद घातला नाही.

झाली बघा कॉफी. पण पेला उचलायच्या आधी हात जोडा, आणि आज प्रार्थनेत विब्रेनच्या उजव्या डोळ्याची आठवण ठेवा.