खव्याचा मान

"मला न्हाई जायाचं नगरला. जीपमंदी लई मळमळतंय," कुडापलीकडून मुक्ताबाईची कुरकुर आली, आणि रतनबाईचा खवा कढईला लागता लागता राहिला.

दोघी सख्ख्या जावा. सुप्याजवळच्या मळ्यात दोघींच्या खव्याच्या भट्ट्या शेजारीशेजारी, मधे नुसता तुराट्यांचा कूड. मळमळतंय म्हणे! जीपमध्ये बसायला बोलावलंय हे साऱ्या मळ्याला ऐकवायची तऱ्हा ती. रतनबाईला काय कळत नव्हतं?

खव्याच्या तपासणीचा नवा कायदा येऊ घातला होता. खव्यात पिठाचा अंश निघाला, की दुकानदार थेट तुरुंगात. कायदा पक्का होण्याआधी मुंबईचे साहेब नगरला येणार होते, आणि त्यांना भेटून तो बदलून घ्यायचा, असं मिठाईवाल्यांच्या मंडळानं ठरवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष मच्छिंद्रशेठ. दोघी जावांचा खवा त्यांच्याच दुकानी जायचा.

"खवा करणारी एक बाई संगं पाहिजे," शेठनी निरोप धाडला होता. "मुक्ताबाईला पाठवा."

मुक्ताबाईला! लग्न होऊन आली तेव्हा हिला उलथनं धरता येत नव्हतं. शिकवलं कुणी? रतनबाईला त्या दिवसापासून भाकर गोड लागेना.

बाजारच्या दिवशी तिनं शेठना सुप्यातच गाठलं.

"शेठ, आमची मुक्ता लाजरी. सायबापुढं दातखीळ बसंल तिची. मी येते."

शेठनी तिला नीट निरखलं. "सायबानं इचारलं, खवा कुनाचा, तर?"

"माझा म्हनून सांगंन. ठनकावून."

"ऐन वक्ताला मागं सरायचं न्हाई."

"मी? मी मागं सरनारी दिसते व्हय?"

शेठ हसले. "मग तूच ये. तुझ्याच फडक्यातला खवा सायबापुढं ठेवतो."

घरी तिनं हे सांगितलं, तर मुक्ताबाईचा चेहरा पडायचा सोडून उजळला. तेवढ्यानं रतनबाईची निम्मी मजा गेली.

"आक्का, एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"काय सांगशील ते ठावं हाय मला. जळू नगं, मुक्ते."

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. गोरक्ष रोज एसटीनं दोघींचा खवा नगरला शेठच्या दुकानात पोचवायचा. तो रिकाम्या किटलीत डोकावून बसला, जणू तळाशी काही सांडलंय.

"मग माझं हिरवं लुगडं तरी नेसून जावा," मुक्ताबाई हळूच म्हणाली.

हरली, रतनबाईला वाटलं. लुगडं मात्र तिनं घेतलं.

नगरच्या विश्रामगृहात तिला शेठच्या शेजारी खुर्ची मिळाली. कपबशीतून चहा आला. मंडळाची माणसं "बसा बाई, बसा" म्हणत होती. मुक्तानं हे बघायला हवं होतं, एवढीच रुखरुख.

टेबलावर खव्याची मोट होती. प्रत्येक भट्टीवाली आपल्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात खवा बांधून धाडायची, म्हणजे दुकानात माल ओळखू यावा. हे जांभळं फडकं तिचंच. साहेबांनी गाठ सोडली. खवा जरा पांढुरका दिसत होता. रतनबाईच्या कपाळाला बारीक आठी पडली. मग वाटलं, दुकानात हवेला राहिला असेल. इतक्या लोकांत आता शंका कशाला काढायची?

साहेबांनी लहानशा बाटलीतले तपकिरी औषधाचे दोन थेंब खव्यावर टाकले. तेवढी जागा निळी झाली. सरकारचा पसंतीचा शिक्का असा निळाच असणार, असं रतनबाईला वाटलं.

"हा खवा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

रतनबाई पदर सावरून उभी राहिली.

"माझा, सायेब. फडकंबी माझं, खवाबी माझा. आमच्या मळ्यात असा खवा दुसऱ्या कुनाला जमत न्हाई. माझ्या जावंलाबी न्हाई."

साहेब कागदावर काहीतरी लिहू लागले. मंडळातल्या कुणीही तिच्याकडं पाहिलं नाही. फक्त मच्छिंद्रशेठ उठले आणि हात जोडून, अगदी मवाळ आवाजात बोलले.

"ऐकलंत ना, साहेब? आम्हा दुकानदारांना तुरुंगात घालून काय होणार? भेसळ करतात त्या ह्या बाया."