फाळक्याची पायरी

"दोन्ही गुडघे?" ड्वाइट कुचेराने विचारलं.

"दोन्ही," मर्ल म्हणाला आणि कॉफी ढवळत राहिला.

कॅफेत टेबलाभोवती बसलेले सगळे म्हातारे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर मर्लचा नवा पिकअप उभा होता. त्याचा मागचा फाळका साधासुधा नव्हता. एक बटण दाबलं की तो सगळ्या फाळक्यांसारखा आडवा व्हायचा. दुसरं दाबलं की मधला भाग दुमडून खाली पायरी तयार व्हायची आणि शेजारचा दांडा धरायला वर काढता यायचा.

"पुढच्या खेपेला पाळणाच बसवून घे," ड्वाइट म्हणाला. "बसलास की झुलत झुलत वर."

सगळे हसले. मर्लही हसला. आमच्या या वाळूच्या टेकड्यांत माणूस घोड्यावरून पडून बरगडी मोडेल, पण गुडघा दुखतो असं चारचौघांत म्हणायचा नाही. मर्लने ते म्हटलं होतं, वर त्यापायी ट्रकही घेतला होता. टिंगल व्हायचीच होती.

ऑक्टोबरात त्याची मुलगी कार्ला ओमाहाहून आली. ती एका कामासाठी आली होती आणि ते काम तिने आडवळणाने काढलं नाही. दुपारी तिघं कुरणात होती. फाळक्याचं टेबल करून मर्लच्या बायकोने, लव्हॉनने, त्यावर हॅमची सँडविचं मांडली होती. सकाळी त्याच टेबलावर वासरांच्या लशी आणि सुया होत्या. मर्ल फाळक्याच्या एका टोकाला खुर्चीत बसावं तसा पाय सोडून बसला होता.

"बाबा, गाई विका," कार्ला म्हणाली.

"हा फाळका आहे तोवर गाई आहेत."

"बर्फात मध्यरात्री वासरू अडलं तर फाळका बाहेर काढणार आहे का?"

"तेवढं सोडून सगळं करतो," मर्ल म्हणाला. "पोती अडवतो, जेवायला वाढतो, म्हाताऱ्याला बसायला देतो. तुझ्या नवऱ्यापेक्षा कामाचा आहे."

"चेष्टा नको. मार्चमध्ये जुन्या गाडीत चढताना आई बंपरवरून पडली तेव्हाच मी म्हटलं होतं."

"बर्फ होता," लव्हॉन म्हणाली.

"बर्फच होता," मर्ल म्हणाला. "चला, काम पडलंय."

त्या दोघांची कामाची वाटणी लग्नापासूनची होती. मर्ल गाडी हाकायचा, लव्हॉन मागे उभी राहून गवत खाली ढकलायची. गठ्ठे रचायला मात्र दोघं वर चढायची.

"तू आधी हो," मर्ल तिला म्हणाला. "वरून हात दे. तुझ्या हाताशिवाय मला जमायचं नाही."

"ही म्हाताऱ्यांची चैन," लव्हॉन पुटपुटली. पण मर्लने पायरी आधीच उघडून ठेवली होती. ती दांडा धरून वर गेली आणि तिने हात खाली केला. तो धरून मर्ल कण्हत, मध्ये थांबत, दात आवळत चढला. कार्लाला बघवेना. तिला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. हा हट्टी माणूस एखाद्या जानेवारीत कुरणात पडून राहील आणि आपल्याला फोन येईल, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

संध्याकाळी तिने पुन्हा विषय काढला. मर्लने टेबलावर हात आपटला. "गाडून टाका मला इथेच, पण गाई विकणार नाही!" लव्हॉन ताटं उचलायला लागली. कळप मुळात तिच्या वडिलांचा. तिच्या शब्दाशिवाय एक कालवडही कधी बाजारात गेली नव्हती.

सकाळी मर्ल बाहेर पडल्यावर कार्ला स्वयंपाकघरात आली. लव्हॉन दालचिनीच्या रोलची कणीक मळत होती.

"आई, तू तरी सांग त्यांना."

"माझं काय, मी अजून दहा हिवाळे काढीन," लव्हॉन म्हणाली. तिने कणीक उलटी केली. "पण त्याला खुर्चीतून उठताना बघितलंस? गाई असतील तोवर तो चढत राहणार. एक दिवस पडेल गं."

"मग?"

लव्हॉनने पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. त्या कळपातली एकेक गाय ती तोंडावरून ओळखायची.

"विकू या," ती म्हणाली. "पण माझ्यामुळे नाही हं. मला काही झालेलं नाही. त्याच्या गुडघ्यांसाठी विकतेय, असं सांग त्याला. ओरडेल, आदळआपट करेल. तूच बघ बाई त्याच्याकडे."

कार्ला दक्षिणेच्या कुरणाकडे निघाली. वाटेत ती मनाशी वाक्यं जुळवत होती. आधी नातवंडांचं बोलायचं, मग डॉक्टरांचं, आणि आईचा निर्णय अगदी शेवटी. बाबांचा आवाज चढला तरी आपण चढवायचा नाही.

पिकअप पवनचक्कीपाशी उभा होता. फाळका बंद होता. गाडीत कोणी नव्हतं, आसपास कोणी नव्हतं. कार्लाने हाक मारली. उत्तर नाही. ती गाडीभोवती धावत फिरली, पाण्याच्या हौदामागे बघून आली आणि पुन्हा ओरडली, "बाबा!"

"काय गं?"

आवाज वरून आला होता. पवनचक्कीच्या पार टोकाला, पात्यांखालच्या अरुंद फळीवर मर्ल एका पायावर उभा होता. दुसरा पाय त्याने शिडीच्या दांडीत अडकवला होता आणि हातात तेलाचा डबा होता. कार्ला तोंड उघडं टाकून बघत राहिली.

मर्लने डबा आकड्याला टांगला, हात पँटला पुसले आणि खाली वाकून विचारलं, "तुझी आई झाली का तयार विकायला?"