तेरावा नमुना

"यंत्र पुन्हा धुऊन घ्या मॅडम, काहीतरी चुकलंय," रंगकारखान्याचे फोरमन विश्राम गुरव म्हणाले.

"तीनदा धुतलं, काका. आकडा तोच येतोय," प्रयोगशाळेतल्या मॅडम हळूच म्हणाल्या.

मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे ते यंत्र रक्तातल्या डीएनएला चिकटलेल्या विषाचा लवलेशही पकडते. त्या विषातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. बारा कामगारांच्या रक्तात ते सापडणार, हे काकांना ठाऊकच होते. त्यांनीच सर्वांना तपासणीला आणले होते. तुलनेसाठी मात्र कारखान्यात कधीच न गेलेल्या माणसाचे रक्त हवे होते. "घ्या माझं, तुमच्या संसारात एवढंच द्यायचं राहिलंय," असे म्हणत बायकोने हसत हात पुढे केला होता.

तिचा तेरावा नमुना बाराही जणांच्या वर होता.

"काकू घरी काय करतात?"

"काही नाही. स्वयंपाक, धुणंभांडी..." काका बोलता बोलता थांबले.

कामाचा डगला घरात आणायचा नाही, मुलांना बाधेल, हा नियम त्यांचाच होता. सव्वीस वर्षे रोज संध्याकाळी ती तो दारातच उतरवून घेई, रंगाची भुकटी नीट झटकून काढी आणि मगच भिजत घाली.